पी०१७१ च्या मागे दोन महिने

गाडी २०१२ ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, रनिंग १,१८,००० किलोमीटर, सेकंडहँड घेतलेली. मी साताऱ्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो, मेकॅनिक नाही. पाने, एक मल्टिमीटर आणि उत्साह एवढंच भांडवल. नोंदी त्या त्या रात्री वहीत लिहिलेल्या आहेत, नंतर कळलेलं काही ठिकाणी जोडलंय. मधल्या काही नोंदींत मी चुकीचं ठणकावून लिहिलंय. ते खोडलेलं नाही. गाडीत पी०१७१ हा दोषाचा कोड घेऊन जो बसला असेल त्याला माझ्या चुका जास्त उपयोगी पडतील.

१२ जुलै २०२५, शनिवार

पुण्याहून परत येताना रात्री साडेनऊला खंबाटकी. पाऊस चांगलाच होता. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आधी क्षणभर काहीच नाही, मग हिसका देऊन गाडी पुढे. घाटमाथ्याच्या जरा अलीकडे इंजिनची पिवळी चेक लाइट लागली.

शेजारून बायको म्हणाली, "अहो, ही लाइट गेल्या महिन्यात वाईहून येतानाही लागली होती. तेव्हाही रात्रच होती आणि असाच पाऊस होता. दोन-तीन दिवसांनी आपोआप गेली."

पावसाचा आणि रात्रीचा काय संबंध, असं म्हणून मी विषय संपवला. (हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढे लागेल.)

१४ जुलै, सोमवार

शाळा सुटल्यावर गॅरेजला. मिस्त्रींनी स्कॅनर लावला: पी०१७१, मिक्श्चर लीन. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीएमने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) जमेल तेवढं पेट्रोल वाढवूनही भागत नाहीये.

"सर, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. लाखाच्या वर गेली की जातोच." कोड लगेच पुसला, सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघून मिक्श्चर लीन आहे का ते सांगणारा) बदलला. स्कॅनिंगचे ३००, सेन्सर मजुरीसकट ४,०००. लाइट गेली, मी खूश.

त्या दिवशी दोन गोष्टी चुकल्या, दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत. पहिली म्हणजे कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम बघितली नाही. कोड लागतो त्या क्षणीचे आकडे ईसीएम टिपून ठेवतो: आरपीएम, लोड, वेग, इंजिनचं तापमान. कोड पुसला की तेही जातात. गाडी रिकामी उभी असताना लीन झाली की घाटात दम लागल्यावर, हे त्या एका पानावर लिहिलेलं होतं आणि आम्ही ते फाडून टाकलं.

दुसरी, सेन्सर मेलाय की जिवंत आहे हे तपासायला फुकटची युक्ती आहे, ती मला नंतर कळली. इंजिन आयडलला (चालू, पण ॲक्सिलरेटर सोडलेला) ठेवून एअर फिल्टरच्या तोंडाशी कार्ब क्लीनरचा (पेट्रोलसारखाच जळणारा स्प्रे) बारीकसा फवारा द्यायचा आणि सेन्सरचं व्होल्टेज बघायचं. ०.१ वरून टुणकन ०.८-०.९ ला गेलं तर सेन्सर ठणठणीत आहे. तो 'लीन' म्हणत असेल तर खरंच लीन आहे. निरोप आणणाऱ्यालाच आपण मारला.

१९ जुलै, शनिवार

लाइट पुन्हा. कोड तोच. हा कोड एका फेरीत लाइट लावत नाही, लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसावा लागतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर चार दिवस लाइट आली नाही म्हणून पेढे वाटू नयेत.

२० जुलै, रविवार

स्वतः करायचं ठरवलं. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) काढून साफ केली. सगळं मिळून १,४५०. त्याशिवाय एका व्हिडिओत पाहून एमएएफ सेन्सर (इंजिनात येणारी हवा मोजणारा) साफ करायचा स्प्रे आणला, ५५० रुपये. तो सेन्सर एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपवर असतो म्हणे. तासभर शोधला. बॅटरीच्या शोधलाइटने, मोबाइलने, मान वाकडी करून. सापडला नाही. या गाडीत तो नाहीच, हे कळायला मला अजून आठ दिवस लागायचे होते. स्प्रे अजून सीलबंद आहे.

थ्रॉटल साफ केल्यावर आयडल १,४०० ला जाऊन बसला. घाबरलो. दोन दिवस चालवल्यावर आपोआप खाली आला. साचलेल्या काजळीसकटची जागा ईसीएमने शिकून ठेवलेली असते, ती त्याला नव्याने शिकावी लागते. कोडवर परिणाम शून्य.

२३ जुलै, बुधवार

ब्लूटूथ डोंगल आलं, ईसीएमचे आकडे मोबाइलवर दाखवणारं, ७०० रुपये. हे पहिल्या दिवशी घ्यायला हवं होतं. आता ट्रिम दिसते. ट्रिम म्हणजे ईसीएम ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा. शॉर्ट टर्म सतत नाचतो, लॉन्ग टर्म सावकाश सरकतो. दोघांची बेरीज बघायची. पाचाच्या आत असेल तर गाडी सुखी, दहाच्या वर गेली तर काहीतरी आहे.

घरासमोर, इंजिन गरम, आयडलला: बेरीज +९. जागेवरच २,५०० आरपीएमला धरून: +१३.

हे दोन आकडे वहीत लिहिले आणि त्यांचा अर्थ न लावता झोपलो.

२७ जुलै, रविवार

आजचा दिवस धुरात गेला, अक्षरशः. लीन म्हटलं की जो तो व्हॅक्यूम लीक सांगतो: इनटेकच्या एखाद्या पाइपला चीर, तिथून चोरून हवा आत. ती शोधायला धूर सोडतात. धुराचं मशीन कुठलं आणायचं? डालड्याचा जुना डबा, त्यात नारळाच्या शेंड्या आणि ऊद, झाकणाला दोन भोकं, एकीकडे सायकलचा पंप, दुसरीकडून पाइप थेट ब्रेक बूस्टरच्या नळीच्या जागी. ठिणगी आत जाऊ नये म्हणून मध्ये ओल्या फडक्याचा बोळा. थ्रॉटलच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली.

बायको दारात येऊन बघून गेली. "गाडीची धुपारती झाली की चहा घ्या."

दहा मिनिटांनी धूर दिसला! डिपस्टिकच्या (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीच्या) तोंडातून. मी एवढा खूश झालो की लगेच तिची रिंग आणून बसवली, ६० रुपये. ट्रिम जिथल्या तिथे. धूर ब्रीदरच्या नळीतून इंजिनच्या पोटात उतरतो आणि जुन्या डिपस्टिकमधून थोडा बाहेर येतोच. बाकी सगळीकडे कोरडं ठणठणीत. एक आख्खा रविवार गेला, अंगाला दोन दिवस उदाचा वास.

२८ जुलै, सोमवार

आज रात्री डोंगलवरचे सगळे आकडे एकेक करून वाचत बसलो तेव्हा उजेड पडला. या गाडीत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सरच नाही. आहे तो मॅप सेन्सर, इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा. दाब, आरपीएम आणि हवेचं तापमान यांवरून ईसीएम हवेचा हिशेब करतो. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांत हेच आहे.

याचा परिणाम मोठा आहे. एमएएफवाल्या गाडीत पुढच्या पाइपातून चोरून आलेली हवा मोजमापातून सुटते, म्हणून मिक्श्चर लीन होतं. मॅपवाल्या गाडीत चोरलेली हवाही मॅनिफोल्डमध्येच येते, दाब वाढतो, ईसीएमला तो दिसतो आणि तो पेट्रोल वाढवतो. अशा गाडीला लीक असेल तर आयडल चढतो. लीनचा कोड लागायचं ते पहिलं कारण नव्हे. म्हणजे कालची धुपारती दुसऱ्याच देवाची झाली.

मॅप सेन्सर बरोबर आहे का, हे मात्र लगेच बघता आलं. चावी ऑन, इंजिन बंद असताना त्याने बाहेरचा वातावरणाचा दाब दाखवायला हवा. ९३ किलोपास्कल दाखवला. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर, तेव्हा एवढाच हवा. सेन्सर प्रामाणिक आहे. इंजिन चालू असताना आयडलला ३४, तोही ठीक.

३ ऑगस्ट, रविवार

शेजारी, स्टाफरूम, पेट्रोल पंपावरचा मुलगा, सगळ्यांचं एकमत: "पेट्रोलच तसं येतंय आता." वीस टक्के इथेनॉल. म्हटलं, मोजूनच बघू.

शाळेच्या प्रयोगशाळेतून १०० मिलीचं मोजपात्र आणलं. ९० मिली पेट्रोल, वर १० मिली पाणी, बूच लावून हलवलं, अंगणात उघड्यावर पंधरा मिनिटं ठेवलं. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं, त्यामुळे तळाचा थर फुगतो. दहाचा थर सत्तावीसवर आला. सतरा मिली इथेनॉल, नव्वदातले सतरा, म्हणजे १९ टक्के. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखा थर, मध्ये केसाएवढी रेघ. नववीच्या वर्गाला दाखवण्यासारखा प्रयोग आहे, फक्त पेट्रोल वर्गात न्यायची माझी छाती नाही.

आता हिशेब. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, दहा टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १४.१, वीस टक्केवाल्याला साडेतेरा. जुन्या पेट्रोलवर ट्यून झालेल्या गाडीला तेवढ्याच हवेत चार ते नऊ टक्के पेट्रोल जास्त सोडावं लागणार. म्हणजे माझ्या +९ मधला बराचसा भाग इथेनॉलचा असू शकतो. पण कोड लागायला वीस-पंचवीस लागतात. लोक अर्धं बरोबर सांगत होते, आणि अर्ध्या उत्तरावर गप्प बसलो असतो तर ही वही इथेच संपली असती.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी सहाला यवतेश्वरचा घाट. मोबाइलवर नोंद चालू ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पाऊण ॲक्सिलरेटर.

सपाटीला +१२. चढ लागला तसा १६, १९, २२. शेवटच्या वळणांवर २५ ला जाऊन अडकला. त्याच्या वर ईसीएम जातच नाही. वरती गाडी बाजूला घेतली, पाच मिनिटं आयडलला ठेवली, पुन्हा ९-१०.

संध्याकाळी दुसऱ्या फेरीत लाइट लागली आणि या वेळी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढला: ३,१०० आरपीएम, लोड ७८ टक्के, वेग ५२, तापमान ९१. आता चित्र स्पष्ट. आयडलला जास्त आणि वेगात कमी असती तर हवा चोरीची किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट फुटल्याची शंका घेतली असती. इथे उलट आहे. जितकं पेट्रोल जास्त मागावं तितकं कमी पडतंय. म्हणजे पेट्रोल पोचत नाहीये. २३ तारखेचे ९ आणि १३ हेच सांगत होते.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीला ताई-दाजी आले. दाजी एसटीच्या वर्कशॉपला. संध्याकाळी सगळे जेवायला बाहेर गेलो, ते त्यांच्या गाडीत आमच्या मागे. उतरल्यावर म्हणाले, "ब्रेक मारलास की तुझा डावा इंडिकेटर मिणमिण करतोय बघ. होल्डर नाहीतर अर्थिंग."

बघतो म्हणालो. डोक्यात पेट्रोलचं प्रेशर होतं, इंडिकेटरला कुठे वेळ.

१० ऑगस्ट, रविवार

फ्युएल प्रेशर गेज एका ओळखीच्या गॅरेजमधून दिवसाच्या भाड्याने आणला, ३०० रुपये. या गाडीच्या रेलला (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीला) गेज लावायची जागा नाही, लाइनमध्ये टी जोडावा लागतो. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची. तरीही कपभर पेट्रोल हातावर आलंच. शेजारी अग्निशामक सिलिंडर ठेवला होता. घरात देवासमोर दिवा होता, तो आधी शांत केला.

मॅन्युअलप्रमाणे ३.५ बार हवं. आयडलला ३.३. गेज वायपरखाली चिकटपट्टीने बांधून यवतेश्वरला गेलो. (पेट्रोल भरलेली नळी बॉनेटबाहेर काढून गाडी चालवणं धोक्याचं आहे. मी केलं, करा म्हणणार नाही.) चढाला काटा डोळ्यांसमोर सरकत सरकत २.३ वर आला.

इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. ३.५ भागिले २.३, त्याचं वर्गमूळ १.२३. म्हणजे ईसीएमला तेवीस टक्के वाढवून सोडावं लागणार. वर इथेनॉलचे पाच-सहा. पंचवीसची वेस ओलांडायला पुरेसे. इतका नेमका हिशेब जुळल्यावर माणसाला वाटतं, सापडलं. मलाही वाटलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून दहाला घरी, अकराला मागची सीट बाहेर, पेट्रोलचा पंप तिच्याखालच्या टाकीत आहे. टाकी मुद्दाम पाव भरलेली ठेवली होती. सीटखालचा कार्पेट ओलसर लागला. मुलांनी पाणी सांडलं असेल म्हणून उन्हात टाकला. झाकणाची मोठी रिंग फिरवायला खास पाना लागतो. तो नव्हता म्हणून लाकडाचा ठोकळा आणि हातोडी. लोखंडी छिन्नी वापरू नका, खाली पेट्रोलची वाफ आहे आणि एक ठिणगी पुरते.

पंप वर आला आणि खालची जाळी बघून समाधान वाटलं: पांढरी असायची ती चहाच्या गाळण्यासारखी तपकिरी, बोटाने चोळली तर बारीक चिकट गाळ. नवा पंप, जाळी, रिंग मिळून ३,२५०. नुसती जाळी साडेतीनशेला मिळत होती. "एवढं खोललंय तर पंपही टाका सर," दुकानदार म्हणाला, आणि मी टाकला.

१७ ऑगस्ट, रविवार

भर दुपारी यवतेश्वर. गेज परत आणला होता (ओळखीवर, फुकट). चढाला ३.२ बार, ट्रिम +११. हिसके गेले.

वहीत लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं: "काम संपलं. इथेनॉल धरून ११ ठीकच आहे."

नव्या कोऱ्या पंपाला आणि नव्या जाळीला ३.५ का येत नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. विद्यार्थ्याने उत्तर 'साधारण बरोबर' आणलं तर मी अर्धे मार्क कापतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मधले तीन दिवस धो धो पाऊस. आज रात्री कोरेगावहून येताना लाइट. पी०१७१. गाडी सपाट रस्त्यावर होती, घाट नव्हता. मोबाइलवर ट्रिम +२२.

गणपती पाच दिवसांवर. चिपळूणजवळ गाव, येताना कुंभार्ली घाट चढायचा, गाडीत पाच माणसं.

जेवताना बायको शांतपणे म्हणाली, "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. रात्री आणि पावसात लागते."

आता मात्र बसून विचार केला. रात्री गाडीत वेगळं काय असतं? दिवे. माझ्या सगळ्या चाचण्या दिवसाउजेडी, दिवे बंद ठेवून झालेल्या. रात्री अकराला खाली जाऊन चावी ऑन केली, पार्किंग लाइट लावली. पेट्रोलचा काटा एक घर हलला. ब्रेक दाबायला मुलाला बसवलं आणि मागे जाऊन उभा राहिलो. डावा इंडिकेटर मिणमिणला. दाजी!

२४ ऑगस्ट, रविवार

मागची सीट पुन्हा बाहेर. कार्पेट पुन्हा ओला, आणि मुलं आठवडाभर मागे बसलेली नव्हती.

इंजिन चालू, बॅटरीवर १४.० व्होल्ट. पंपाच्या कनेक्टरमध्ये मागून टाचण्या खुपसून तिथलं मोजलं, पार्किंग लाइट लावून: ११.४. अडीच व्होल्टच्या वर वाटेत गायब. कुठे? मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं पंपाच्या पॉझिटिव्हला: ०.३. ठीक. आता पंपाची काळी वायर ते बॅटरीची निगेटिव्ह, जिथे जवळजवळ शून्य यायला हवं: २.३. दिवे बंद केले, १.७. मुलाला ब्रेक दाबायला सांगितला, साडेतीन.

काळ्या वायरचा माग काढत गेलो. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीपाशी, प्लास्टिकच्या पट्टीखाली, बॉडीला दहा नंबरचा एक बोल्ट. त्या एका बोल्टवर पंप, पेट्रोलचा काटा, मागचे सगळे दिवे, सगळ्यांचं अर्थिंग. थिंबलवर (वायरच्या टोकाच्या कडीवर) हिरवट-पांढरी पावडर, बोल्टखालचा रंग फुगून त्याखाली तांबूस गंज, आणि पट्टीच्या खोबणीत चमचाभर पाणी. पाना लावला तर बोल्ट फिरायच्या ऐवजी कुरकुरला.

ओहमचा नियम मी वर्गात शिकवतो. पंप साधारण पाच अँपिअर घेतो, त्यात दिव्यांचे दीडेक. अडथळा एक तृतीयांश ओहम असला तरी दोन व्होल्टच्या वर जातात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजलं असतं तर एक ओहमच्या आतला आकडा दाखवून 'सगळं चांगलं' म्हणाला असता, कारण त्याच्या स्वतःच्या वायरीच तेवढ्या असतात. वायरिंगचा दोष करंट वाहत असतानाच मोजायचा, व्होल्टमध्ये.

थिंबल कापून नवं दाबलं, बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, मध्ये दातेरी वॉशर, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन. ४० रुपये, पन्नास मिनिटं. पुन्हा मोजलं, दिवे लावून: काळ्या बाजूला ०.१, पंपावर १३.६. पेट्रोलचा काटा दिव्यांना दाद देईना. इंडिकेटर गप्प.

पाणी कुठून येतं हेही बघितलं. बाहेरून पाइपने पाणी मारलं, मुलगा डिकीत टॉर्च घेऊन. डाव्या टेललाइटचं गॅस्केट कडक होऊन एका बाजूने उघडलं होतं, तिथून धार आत आणि कमानीवरून थेट त्या बोल्टपाशी. गॅस्केट आणि सिलिकॉन १५०.

रात्री दहाला यवतेश्वर, हेडलाइट, वायपर सगळं चालू. माथ्यावर +७.

जाळी तुंबलेली होती हे खरं, आणि ती बदलल्यामुळेच दिवसा फरक पडला. पण जुना पंप बहुधा उत्तम होता. बिचारा साडेअकरा व्होल्टवर घाट चढत होता.

२५ ऑगस्ट, सोमवार

खर्च मांडला. स्कॅनिंग ३००, ऑक्सिजन सेन्सर ४,०००, फिल्टर-प्लग-थ्रॉटल १,४५०, न वापरलेला स्प्रे ५५०, डोंगल ७००, डिपस्टिकची रिंग ६०, गेजचं भाडं ३००, पंप-जाळी-रिंग ३,२५०, थिंबल वगैरे ४०, गॅस्केट-सिलिकॉन १५०. एकूण १०,८००. सहा रविवार वेगळे.

दाजींना फोन केला. म्हणाले, "मग? होल्डर का अर्थिंग?"

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी-गणपती बोळवून परत. चिपळूणला चावी ऑन करून मॅप बघितला, ९३ चे १०० झाले होते. आता सवयच लागलीय. कुंभार्ली घाट पाच माणसं, दोन पोती तांदूळ आणि नारळ घेऊन, धुक्यात दिवे लावून चढलो. ट्रिम ६ ते ८. बायकोने पूर्ण घाटभर डॅशबोर्डवर लक्ष ठेवलं, माझ्यावर नव्हे.

१४ सप्टेंबर, रविवार

पट्टी काढून बोल्ट पाहिला. कोरडा, व्हॅसलीन जागेवर. कार्पेटही कोरडा. आयडलला +६, २,५०० ला +६, घाटात +७. सगळीकडे सारखीच तूट म्हणजे ती इथेनॉलची, तिला मी काही करणार नाही.

डाव्या इंडिकेटरचा बल्ब काल उडाला. नवा बसवण्याआधी होल्डरवर व्होल्टेज मोजलं.